लेकीच्या पहिल्या शिकारीसाठी दुर्बीण: आठपट की दहापट?

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की इथली निम्मी वस्ती केशरी जॅकेट चढवून रानात गेलेली असते, कारण बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो. २०२४च्या जानेवारीत माझ्या बारा वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, या वर्षी मी आजोबांबरोबर जाऊ?" आजोबा म्हणजे आमचे शेजारी. अमेरिकन आहेत, पण आमच्या घरात त्यांना हेच नाव पडलंय. लहानपणापासून स्वतःच्या जमिनीवर शिकार करत आलेत आणि लेकीला त्यांनी आधीच माग ओळखायला शिकवलं होतं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली. त्यामुळे इथे पोराने असं काही विचारलं की भावाला, मामाला, कुणाला फोन लावायचा हेच कळत नाही. मला तर बंदुकीची भीती होती. सासूबाईंनी साताऱ्याहून विचारलं, "अगं, मुकं जनावर, आणि पोरीच्या हातून?" मी त्यांना सांगितलं की आपण मटण खातो, इथे हरणं शेतात आणि रस्त्यावर भरमसाट आहेत, आणि जे मारू ते खाऊ. त्यांना पटलं असं नाही, पण पुन्हा विरोध केला नाही. कुणी मराठी आईबाप याच वाटेवर असतील तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते. दुर्बिणीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण त्याबद्दल सगळ्यात उलटसुलट सल्ले मिळाले.

पहिलं काम कागदाचं. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्या कुणालाही विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना हवा असेल तर 'हंटर एज्युकेशन' हा सुरक्षिततेचा वर्ग पूर्ण करावा लागतो. अनुभवी माणसाच्या हाताच्या अंतरात राहून वर्गाशिवायही शिकार करता येते, त्याला मेंटर्ड हंटिंग म्हणतात, पण आम्हाला तो मार्ग नको होता. वर्गासाठी आधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, 'गो वाइल्ड' संकेतस्थळावर मुलाच्या नावाचा ग्राहक क्रमांक काढावा लागतो. तो नसेल तर वर्गात नाव लागत नाही. फेब्रुवारीत क्रमांक काढला आणि मार्चमध्ये जवळच्या वर्गात जागा मिळाली. फी दहा डॉलर. वर्ग वसंतात जास्त असतात आणि लवकर भरतात, म्हणून उन्हाळ्यावर टाकू नका.

एप्रिलभर मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळी एका गन क्लबच्या हॉलमध्ये वर्ग झाला. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. मी मागच्या बाकावर बसायचे, आणि पालकांनी बसावंच असं माझं मत आहे. चार नियम तिथे रोज घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, सावज आणि सावजाच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. तिसऱ्या नियमावर शिकवणाऱ्यांतल्या एक मावशी फार पोटतिडकीने बोलल्या. झुडपात काही हललं की बंदुकीवरच्या स्कोपमधून बघू नका, त्या म्हणाल्या, कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. आणि तिथे केशरी टोपी घातलेला कुणाचा तरी बाप असू शकतो. ओळखायचं काम दुर्बिणीचं.

ते ऐकून मला पहिल्यांदा नीट कळलं की पोरीच्या गळ्यात दुर्बीण कशासाठी हवी. दूरचं हरीण शोधायला तर हवीच, पण त्याहून जास्त बंदूक खाली ठेवून बघता यावं म्हणून. पुढची सगळी निवड याच एका गोष्टीवरून केली.

मे महिन्यात लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा झाली. कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, हे प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. ती पास झाली. उन्हाळ्यात आजोबांच्या .२४३ रायफलवर तिचा नेमबाजीचा सराव सुरू झाला. आम्ही बंदूक विकत घेतली नाही आणि ती त्यांच्याच तिजोरीत असते.

ऑगस्टमध्ये दुर्बीण बघायला सुरुवात केली. आधी अंकांचं सांगते. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की मागच्या काचेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा आकार मिळतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की ते वर्तुळ मागच्या काचेत स्पष्ट दिसतं. ८×४२ला सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ला ४.२, ८×३२ला ४, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ला जेमतेम अडीच. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकसलेली असते तेव्हा अडीचही पुरतं. पण हरणं बाहेर पडतात पहाटे आणि तिन्हीसांजेला. इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी शिकारीची वेळ सुरू होते, आणि तेवढ्या उजेडात अडीचवाली दुर्बीण घेऊन बसलं तर हरणाऐवजी करडा ठिपका दिसतो.

मोठ्या दुकानात गेलो तर विक्रेत्याने सरळ १२×५० हातात दिली. "जास्त पट म्हणजे जास्त दिसतं," हा त्याचा हिशेब. लेकीने ती उचलून पार्किंगच्या टोकाची पाटी बघितली आणि दहा सेकंदांत तिचे हात थरथरायला लागले. दुर्बीण जितक्या पटीने चित्र मोठं करते तितक्याच पटीने हाताचं हलणंही मोठं करते. मोठ्या माणसाला दहापट उभ्याने बऱ्यापैकी स्थिर धरता येते, बारा वर्षांच्या पोरीच्या मनगटांना ती जड जाते. त्यात नोव्हेंबरची थंडी, जाड हातमोजे आणि धडधडणारं काळीज.

दुसरी गोष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची. आठपट दुर्बिणीत हजार यार्डांवर साधारण ३९० फूट रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटीत ३३०च्या आसपास. आमच्याकडच्या ओकच्या रानात ऐंशी-शंभर यार्डांपलीकडे दिसतच नाही. ऐंशी यार्डांवर हा फरक एकतीस फूट विरुद्ध सव्वीस फूट इतका होतो. पाच फूट कागदावर क्षुल्लक वाटतात. पण नवख्या मुलाला नुसत्या डोळ्याने दिसलेलं हरीण दुर्बिणीत पुन्हा सापडेपर्यंत ते निघून गेलेलं असतं, आणि मग चिडचीड होऊन मूल दुर्बीण बाजूला ठेवतं. आम्ही अंगणात तो प्रयोग केला. आजोबांच्या १०×४२मध्ये लेकीला खारूताई सापडायला वेळ लागायचा, आठपटीत लगेच सापडायची.

दहापटीच्या बाजूनेही बोलायला हवं. तिपाईवर बसवली तर अंधुक उजेडात १०×४२ मध्ये ८×३२पेक्षा बारकावा जास्त दिसतो, कारण चित्र मोठं असतं. आजोबा टेकडीवर बसून तशीच वापरतात. पण लेक लपणात अवघडून बसणार होती, तिपाई कुठली आणायची तिथे?

आता ती गोष्ट, जी दुकानात कुणीच सांगितली नाही: डोळ्यांतलं अंतर. दोन बाहुल्यांमधलं अंतर मुलांचं कमी असतं. चष्मेवाल्याकडून आकडा मागा, नाहीतर आरशासमोर कपाळाला पट्टी धरून मोजा. लेकीचं पंचावन्न मिलिमीटर भरलं. मोठ्यांसाठीच्या कितीतरी ४२ मिलिमीटरच्या दुर्बिणी छप्पन-सत्तावन्नच्या आत मिटतच नाहीत. मग दोन डोळ्यांना एक गोल दिसण्याऐवजी मध्ये काळी सावली येते, मूल एक डोळा मिटून बघायला लागतं आणि आपल्याला वाटतं की त्याला जमत नाहीये. दुर्बिणीच्या माहितीपत्रकात 'इंटरप्युपिलरी डिस्टन्स' असा रकाना असतो, त्यातला छोटा आकडा बघा. शिवाय लेकीला चष्मा आहे. चष्मेवाल्यांना डोळा आणि काच यांत जास्त अंतर लागतं. 'आय रिलीफ' नावाचा आकडा किमान पंधरा-सोळा मिलिमीटर हवा, आणि मागचे रबरी कप खाली मिटवून बघायचं.

या दोन चाळण्यांतून बहुतेक मॉडेलं गळाली. शेवटी ८×४२ आणि ८×३२ अशा दोन दुर्बिणी समोर होत्या. बेचाळीसवाली उजेडाला सरस, पण साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे आणि तिच्या डोळ्यांना काठावर बसणारी. बत्तीसवाली पाचशे ग्रॅमच्या आसपास आणि डोळ्यांवर नीट बसलेली. मी दुकानदाराला विचारून दोन्ही संध्याकाळी दाराबाहेर नेऊन बघितल्या, आणि हे कराच, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी लख्ख दिसतात. सूर्य बुडाल्यावर पंधरा मिनिटांनी लेकीला दोन्हींतून पलीकडच्या कुंपणाच्या तारा मोजता आल्या. मग वजनाने निकाल लावला. ८×३२ घेतली, करासकट एकशे ऐंशी डॉलरच्या आत. तिच्या डोळ्यांतलं अंतर साठपर्यंत असतं आणि खांदे जरा भरलेले असते तर मी ८×४२ घेतली असती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी तीच घ्या.

गळ्यातला पट्टा मात्र काढून टाका. त्याऐवजी पाठीवरून जाणारा हार्नेस घ्या, तीस डॉलरला मिळतो. भार मानेवरून खांद्यांवर जातो आणि वाकलं की दुर्बीण बंदुकीवर आपटत नाही. कंपनीची हमी वाचून घ्या. आमच्यापासून जवळच बार्नेव्हेल्डला व्होर्टेक्स या दुर्बिणी विकणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे. त्यांची हमी आयुष्यभराची असते, पावती लागत नाही आणि मालक बदलला तरी चालते. असं असेल तर जुनी दुर्बीण घ्यायलाही हरकत नाही.

सप्टेंबरभर लेक रोज संध्याकाळी मागच्या अंगणात बसून सराव करायची. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं, मग डावा झाकून उजव्या कपाजवळची कडी फिरवायची. ती एकदा बसली की तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला. नजर हरणावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, ही खरी कसरत. बसून दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवले की थरथर निम्म्याहून कमी होते.

परवाना ऑक्टोबरच्या सुरुवातीला 'गो वाइल्ड'वर काढला. बारा ते सतरा वयाला हरणाचा परवाना वीस डॉलर असतो, पहिल्यांदाच घेणाऱ्याला पाच. बारा-तेरा वर्षांच्या मुलाबरोबर मोठं माणूस लागतं, नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात. पालक नसतील तर त्यांनी परवानगी दिलेलं मोठं माणूस चालतं. आम्ही दोघंही गेलो, आजोबा आणि मी, सगळे केशरीत.

मुलांसाठी राखीव शनिवार-रविवार १२ आणि १३ ऑक्टोबरला होता. शनिवारी संध्याकाळी, सूर्य बुडता बुडता, मक्याच्या कडेने एक हरीण बाहेर आलं. आजोबांनी भुवई उडवली. इथला नियम असा की एक तरी शिंग तीन इंच किंवा त्याहून लांब असेल तर तो नर, नाहीतर ते बिनशिंगी हरीण. दोघांसाठी परवान्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे टॅग, वेगळ्या. लेकीने बंदुकीला हात लावला नाही. दुर्बीण वर घेतली, कोपर गुडघ्यांवर टेकवले आणि बराच वेळ बघत राहिली. कानांच्या मध्ये काहीतरी होतं. तीन इंच की अडीच? हरणाने मान वळवली, एक शिंग दिसलं, पुन्हा पाल्याआड गेलं. "आई, मला नक्की सांगता येत नाही," ती कुजबुजली. आजोबा म्हणाले, "मग सोडून दे." तिने सोडून दिलं. गाडीत बसल्यावर ती जरा रडली, आणि मला तिचा जो अभिमान वाटला तो तिथे बोलून दाखवता आला नाही.

२३ नोव्हेंबरला मोठा हंगाम सुरू झाला. सूर्योदय सातच्या सुमाराला, म्हणजे साडेसहापासून वेळ सुरू. आम्ही अंधारातच लपणात जाऊन बसलो. थंडीतला एक धडा: दुर्बीण कोटाच्या आत ऊबेत ठेवू नका. गार झालेली दुर्बीण अंगाच्या दमट ऊबेत गेली की बाहेरच्या काचांवर वाफ धरते. आत नायट्रोजन भरलेला असला तरी तो फक्त आतल्या भिंगांना वाचवतो. हार्नेसवर, कोटाच्या बाहेर, झाकणं लावून ठेवा आणि तोंडाचा श्वास दुर्बिणीकडे सोडू नका.

पहिल्या दिवशी दूरवर माणसं दिसली, केशरी ठिपके. लेकीने दुर्बिणीतून मोजून आजोबांना सांगितले, आणि त्या बाजूला नळी वळवायची नाही हे तिघांनी ठरवलं. रविवारी सकाळी साडेआठला साठेक यार्डांवर एक मादी आली. दुर्बिणीत डोकं साफ, शिंगांचा मागमूस नाही, मागे चढाची माती, पलीकडे कुणी नाही. तिने हे सगळं ओठातल्या ओठात म्हटलं, दुर्बीण सोडली, मग रायफल घेतली. एकच गोळी. हरीण चाळीसेक पावलांवर जाऊन पडलं. आम्ही अर्धा तास थांबून मगच उठलो, तसं वर्गात शिकवलं होतं. जवळ गेल्यावर लेकीने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि काही वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही. असं वाटणं बरोबरच आहे, एवढंच तिला नंतर सांगितलं.

शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन करावी लागते. आम्ही जेवणाआधीच केली. या भागातल्या हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा रोग २००२पासून आढळतोय, म्हणून तपासणी करून घ्या. डोकं डीएनआरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या पेटीत नेऊन टाकायचं आणि फॉर्म भरायचा. पैसे पडत नाहीत. निकाल येईपर्यंत मांस खायचं नाही. आमचा निकाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर आला, रोग आढळला नाही. कापून, बांधून देणाऱ्याने सव्वाशे डॉलर घेतले. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण जरा सढळ घालून मंद आचेवर शिजवा, कुकरच्या शिट्ट्यांनी चिवट होतं.

परवा कोलोरॅडोतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा तेरा वर्षांचा मुलगा माळावर प्राँगहॉर्नच्या, म्हणजे तिकडच्या हरणासारख्या एका जनावराच्या, शिकारीला जाणार आहे, तर आठपट घेऊ का, असं विचारत होती. मी तिला दहापट सांगितली. तिथे माळ उघडा, अर्ध्या मैलावरचं जनावर बघायचं असतं आणि बसून शोधायला वेळही भरपूर मिळतो. १०×४२ आणि सोबत हलकी तिपाई, दुर्बीण तिपाईला लावायचा जोड वेगळा विकत मिळतो. मात्र काही मागवण्याआधी पोराच्या डोळ्यांतलं अंतर मोजून कळव, म्हटलं. तिने एकोणसाठ कळवलं आहे, त्यामुळे तिच्यापुढे निवडायला माझ्यापेक्षा बरीच मॉडेलं आहेत.